शाळेचं प्रगतिपुस्तक

‘पब्लिक स्कूल’ या दोन शब्दांनी मला आयुष्यात दोनदा फसवलं.

पहिल्यांदा डोंबिवलीत. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक पब्लिक स्कूल निघालं, तेव्हा चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या मास्तराच्या कुतूहलाने मी ते बघायला गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत सोडलं नाही. जिथे पब्लिकला मज्जाव असतो त्या शाळेला पब्लिक स्कूल म्हणतात, एवढं ज्ञान घेऊन मी परत आलो.

दुसऱ्यांदा फसलो तो साता समुद्रांपलीकडून आलेल्या फोनवर. आमचे चिरंजीव न्यू जर्सीत असतात. (डोंबिवलीतल्या निवृत्त माणसाचे चिरंजीव न्यू जर्सीत नसले तर हल्ली शेजारी हळहळतात.) ‘बाबा, तुमची नात आता पब्लिक हायस्कूलात जायला लागली,’ असं तो म्हणाला आणि आमच्या सौ.ने पेढ्यांचा पुडा आणवला. निम्म्या सोसायटीला पेढे वाटून झाल्यावर मी सहज फीची चौकशी केली.

‘फी नसते बाबा. पुस्तकंही शाळाच देते. सरकारी शाळा आहे ना!’

‘सरकारी? म्हणजे आपली म्युनिसिपालिटीची असते तशी?’

‘साधारण तशीच.’

सौ.ने उरलेल्या पेढ्यांवर झाकण ठेवलं. वरच्या दोन मजल्यांना आजतागायत पेढे पोचलेले नाहीत.

‘मग प्रवेशाला काय लागलं? परीक्षा? मुलाखत? देणगी?’ मी विचारलं.

‘काही नाही. घराचा पत्ता दाखवला.’

या पत्त्याची गंमत मला तिथे गेल्यावर कळली. आपल्याकडे जागा घेताना माणूस दोन प्रश्न विचारतो: पाणी किती वेळ येतं आणि स्टेशन किती मिनिटांवर आहे? तिथे एकच प्रश्न विचारतात: शाळा कुठली लागते? ज्या गावात घर, त्या गावची शाळा. गावाने निवडून दिलेलं, बिनपगारी काम करणारं मंडळ ती चालवतं आणि तिचा बराचसा खर्च गावच्या घरपट्टीतून निघतो. न्यू जर्सीत घरपट्टीच्या दर डॉलरमधले साधारण आठ आणे शाळांकडे जातात. चिरंजीवांनी कर्जाचा हप्ता आणि घरपट्टी यांचे आकडे सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळा फुकटच आहे, फक्त तिच्याजवळ राहणं महाग आहे.

न्यू जर्सीच्या राज्यघटनेत १८७५ सालापासून एक वचन आहे. पाच ते अठरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी मोफत शाळांची ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ व्यवस्था ठेवू, असं ते वचन. श्रीमंत गावची घरपट्टी जास्त, म्हणून शाळा चांगली आणि गरीब गावची कमी, म्हणून शाळा हलाखीत, हा प्रकार त्या वचनात बसत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली दिला. पुढे अनेक दावे झाले, गरीब गावांना राज्याची मदतही मिळू लागली. पण पत्ता तो पत्ताच. देव आणि शाळा दोघंही सर्वांना सारखे असतात म्हणे. गाभाऱ्याजवळ उभं राहायला मिळालं म्हणजे झालं.

आणि ही शाळा उपनगरातली बरं का. उपनगर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे डोंबिवली स्टेशनच्या पुलावरची सकाळ उभी राहते. तिथे माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, इतरांच्या पायांनी चालवला जातो. तिथल्या उपनगरात मला पहिले तीन दिवस माणूसच दिसला नाही. गवत दिसलं, गवत कापायचं यंत्र दिसलं आणि ज्या अर्थी यंत्र चालतंय त्या अर्थी मागे कुणीतरी असावं, असं अनुमान काढता आलं. सकाळी एक पिवळी बस यायची. शाळा अडीच मैलांहून लांब असेल तर हायस्कूलच्या मुलांना ने-आण करण्याची व्यवस्था करावी लागते, असा कायदा आहे. दारातून पाठीवर दप्तर घेतलेलं एक झोपाळू भूत निघायचं आणि बसमध्ये अदृश्य व्हायचं. ती आमची नात.

नात अकरावीत. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. एका संध्याकाळी तिने माझ्यापुढे चार छापील पानं टाकली. ‘आजोबा, तू टीचर होतास ना? हे वाच.’ (तिच्या मराठीत सगळं जग ‘तू’ असतं. आपण देवालाही ‘तू’च म्हणतो, असं मनाशी म्हणून मी समाधान मानतो.) वर लिहिलं होतं: ‘स्कूल प्रोफाइल’. मुलं कॉलेजांकडे अर्ज करतात तेव्हा शाळा त्यांच्या मार्कांबरोबर स्वतःचीही माहिती पाठवते. शाळेत काय काय शिकायची सोय आहे हे कळल्याशिवाय पोराने त्यातलं किती घेतलं हे कॉलेजला कसं कळणार, हा त्यातला विचार. मी चौतीस वर्षं मुलांची प्रगतिपुस्तकं भरली. शाळेने स्वतःचं प्रगतिपुस्तक भरावं आणि वर ते परक्याच्या हाती द्यावं, हे मला नवीन होतं. मी चष्मा पुसला आणि तांबडं पेन शोधलं.

पहिल्या पानावर पदवीचा हिशेब होता. बारावी पार करायला एकशे वीस क्रेडिटं लागतात. वीस इंग्रजीची, पंधरा गणिताची, पंधरा विज्ञानाची, पंधरा इतिहास-नागरिकशास्त्राची. शिवाय एक परकी भाषा, एक कला, एखादं हातांचं किंवा व्यवसायाचं काम, दरवर्षी व्यायाम आणि अडीच क्रेडिटं पैशांचे व्यवहार कसे करावेत याची. हे शेवटचं मी माझ्या खात्यावर उशिरा का होईना जमा करून घेतलं असतं.

दुसऱ्या पानावर मला घेरी आली. चार हा सर्वोत्तम गुण, असं आधी लिहिलं होतं. खाली सरासऱ्यांचा तक्ता होता आणि त्यात काही मुलांची सरासरी चारच्या वर! मी तांबड्या पेनाने त्याभोवती गोल केला. नात म्हणाली, ‘आजोबा, चूक नाहीये. अवघड कोर्स घेतला की जास्त पॉइंट मिळतात.’ म्हणजे शंभरपैकी एकशे सात! आमच्या शाळेत एका मास्तरांनी बेरीज चुकून असे मार्क दिले होते, तेव्हा त्यांची वेतनवाढ रोखायची भाषा झाली होती. बिचारे काळाच्या पुढे होते.

या अवघड कोर्सांना ‘ए.पी.’ म्हणतात. कॉलेजचा अभ्यास हायस्कूलात करायचा, मे महिन्यात साधारण शंभर डॉलर भरून परीक्षा द्यायची आणि एक ते पाच यांतला आकडा मिळवायचा. गावातली आपली मंडळी या कोर्सांची नावं वाणसामानाच्या यादीसारखी घडाघडा म्हणतात. कुणाच्या मुलाने किती घेतले यावरून लग्नातल्यासारखे मानपान होतात.

आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: ‘आमची शाळा विद्यार्थ्यांचे क्रमांक लावत नाही.’

मी ती ओळ तीनदा वाचली. पहिला नंबर नाही? दुसरा नाही? मग बक्षीस-समारंभाला करतात काय? मी सूनबाईला विचारलं, ‘मग आपली कितवी, हे तुम्हाला कळतं कसं?’ ती हसली. ‘बाबा, शाळा नंबर काढत नाही म्हणून आईबाप घरी काढतात.’ एकूण माणूस इथूनतिथून सारखाच.

मी समाधानाने कागद परत देणार तेवढ्यात चौथ्या पानावर ‘ऑटो शॉप’ हे शब्द दिसले आणि त्यांच्यापुढे नातीने पेन्सिलीने काढलेली छोटी मोटार.

‘हे काय?’

‘माझा सातवा पीरियड. आम्ही गाड्या रिपेअर करतो.’

त्या रात्री जेवताना मी भाषण केलं. एवढं कर्ज काढून, एवढी घरपट्टी भरून, मुलीला गाडीखाली झोपायला पाठवता? ऑइल बदलणाऱ्या पोरांची आपल्या देशात टंचाई होती काय? सगळे शांतपणे जेवत होते. शेवटी नातीने विचारलं, ‘आजोबा, तुला टायर बदलता येतो?’ मला सायकलची उतरलेली चेन बसवता येत नाही, हे सौ.ने अमेरिकेच्या भूमीवर जाहीर करायची गरज नव्हती. तिने ते केलं.

सप्टेंबरात शाळेत ‘बॅक टू स्कूल नाइट’ असते. त्या रात्री पालक शाळेत जातात आणि मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे एकेका वर्गात दहा-दहा मिनिटं बसतात. चिरंजीव कामासाठी परगावी, सूनबाईची इस्पितळातली पाळी. मी कोट चढवला, पायांत मुलाचे खेळाचे बूट घातले आणि नातीचं वेळापत्रक हातात घेऊन अकरावीत जाऊन बसलो.

पहिल्या तासाला मी आधी खुर्च्या मोजल्या. सव्वीस. माझ्या नववी ‘ड’च्या हजेरीपटावर बहात्तर नावं असत. ‘हजर’ म्हणता म्हणता तास संपायचा आणि तोच दोन्ही पक्षांना सगळ्यांत आवडणारा भाग असायचा. घंटा झाली. पुढचा वर्ग गाठायला चार मिनिटं. त्या इमारतीतल्या बोळांना अंत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच पोलादी कपाटं. मी वाद्यांच्या आवाजाच्या रोखाने गेलो आणि बँडच्या खोलीत शिरलो. आपल्याकडे बँड म्हणजे लग्न. तिथे तो रीतसर विषय आहे, त्याला मार्क आहेत आणि तो चुकीच्या सुरात वाजवला तर मुलगी नांदायला जायची थांबत नाही, एवढाच फरक. तिथून निघालो तो स्वयंपाकाच्या वर्गात. फळ्यावर गटांची नावं होती, त्यांत निम्मे मुलगे. मी चुकून आलोय हे सांगेपर्यंत बाईंनी माझ्या हातावर बिस्किट ठेवलं होतं. बिस्किटापुढे खरं बोलवेना.

इतिहासाच्या तासाला मात्र वेळेवर पोचलो. एक मास्तर शिकवण्याबद्दल बोलत होते आणि मागे एक बाई वही घेऊन बसल्या होत्या. मी पाहिलं आणि आपोआप ताठ बसलो. तपासणी! डेप्युटी साहेब! मास्तर बेधडक बोलत होते, याचं मला कौतुक वाटलं. तास संपल्यावर मी हळूच बाईंना विचारलं, ‘आपण तपासणीला आलात का?’ त्या हसल्या. त्या त्याच वर्गाच्या दुसऱ्या शिक्षिका होत्या. वर्गातल्या काही मुलांना वाचायला त्रास होतो, अक्षरं उलटसुलट दिसतात, लिहायला वेळ लागतो. त्यांना वेगळं न काढता त्याच वर्गात मदत करायची, हे त्यांचं काम. अमेरिकेत पूर्वी अशा कितीतरी मुलांना सरकारी शाळा सरळ नाही म्हणत. १९७५ साली कायदा झाला आणि कुणालाही नाही म्हणायची सोय राहिली नाही. अशा प्रत्येक मुलासाठी वेगळा लेखी आराखडा करतात आणि तो आईबापांना बसवून ठरवतात.

‘अक्षरं उलटसुलट म्हणजे? सहाचा नऊ वगैरे?’ मी विचारलं.

‘हो, तसंही होतं. तुमच्या ओळखीत आहे का कुणी?’

मी ‘नाही’ म्हणालो. कशी कोण जाणे, चार मिनिटं तिथेच संपली.

सातव्या तासाला मी वाद घालायच्या तयारीने गेलो होतो. ती वर्गखोली नव्हतीच. मोठी थोरली शेड. एक गाडी यंत्रावर वर उचललेली, भिंतीवर पाने आकारमानाप्रमाणे टांगलेले आणि ग्रीसचा वास. मास्तरांच्या नखांत काळं होतं. मी नातीचं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, ‘ती हात लावायच्या आधी इंजिनाचा आवाज ऐकते. हे शिकवून येत नाही.’

वाद घालायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. फक्त ते माझ्या शाळेतल्या शिपायाने म्हटलं होतं.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका वर्षी, पाहुणे बोलायला उभे राहिले आणि ध्वनिक्षेपक मुका झाला. पाहुणे नुसते ओठ हलवत होते आणि खरं सांगायचं तर श्रोते खूश होते. तेवढ्यात नववी ‘ड’मधला एक पोरगा स्टेजखाली शिरला. शिपाई म्हणाला, ‘सर, त्याला करू द्या. तो आधी मशिनचा आवाज ऐकतो.’ पाच मिनिटांत ध्वनिक्षेपक बोलायला लागला. शाळेची घंटा, पाण्याचा पंप, प्रयोगशाळेतला पंखा, सगळं तोच बघायचा. आणि गणितात सहाचा नऊ करायचा, एकवीसचे बारा करायचा. मी त्याला फळ्याजवळ उभा करून वर्गाला हसवत असे. विनोदी मास्तर म्हणून माझी ख्याती होती.

वार्षिक परीक्षेत त्याला तीन मार्क कमी पडले. आता, नववी म्हणजे काय हे ज्यांनी शाळा चालवल्यात त्यांना सांगायला नको. दहावीचा निकाल चांगला लागायचा असेल तर नववीची चाळण बारीक ठेवायची. त्याचे वडील एम.आय.डी.सी.तून पाळी संपवून तसेच आले होते, हात जोडून उभे होते. मुख्याध्यापक मला म्हणाले, ‘तुमच्या हातात आहे.’ मी नियमावर बोट ठेवलं. पोरगा परत शाळेत आला नाही. पुढल्या वर्षी आमचा दहावीचा निकाल पंच्याण्णव टक्के लागला आणि फाटकावर फलक झळकला. तो नापास झालेल्या पाच टक्क्यांतही नव्हता. तो हिशेबातच नव्हता.

शाळेतून परतलो तेव्हा नात जागी होती. ‘आजोबा, कसं वाटलं?’ मी म्हटलं, ‘बिस्किट चांगलं होतं.’ मग तिने चार पानांचा तो कागद उलटा करून कोरी बाजू माझ्यापुढे ठेवली. ‘आता तुझ्या शाळेचं प्रोफाइल लिही.’

मी लिहिलं. पटसंख्या. तुकड्या, अ ते ड. दोन पाळ्या, सकाळ-दुपार. निकाल, पंच्याण्णव टक्के. चार ओळींत शाळा संपली. नात म्हणाली, ‘आणि प्रोग्रॅम्स?’ मी खूप वेळ पेन चावलं आणि मग लिहिलं: ‘ध्वनिक्षेपक, घंटा, पंप व पंखे यांची दुरुस्ती: नववी ड मधील एक विद्यार्थी.’

‘हा कोण?’

मग मी तिला सगळं सांगितलं. तीन मार्कांसकट. फळ्याजवळच्या हशासकट. तिने विचारलं, ‘आता तो काय करतो?’

‘माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘आमच्याकडे त्याची नोंद नाही.’

ती काही बोलली नाही. अमेरिकेतली मुलं फार बोलतात म्हणतात, पण न बोलायचं कधी हेही त्यांना कळतं. तिच्या शाळेतही सगळं गोमटं आहे अशातला भाग नाही. ए.पी.च्या ओझ्याखाली वाकलेली, रात्री दोन वाजता दिवा जळणारी पोरं मी त्याच गल्लीत पाहिली. दोन गावं पलीकडे पत्ता बदलला की शाळेचा रंग उडालेला दिसतो, तेही पाहिलं. पण त्या चौथ्या पानावर सव्वीस खुर्च्यांइतकीच साधी एक गोष्ट होती. इंजिनाचा आवाज ऐकणाऱ्या पोराला बसायला तिथे एक तास होता, आणि रसायनशास्त्राचा ए.पी. घेतलेली मुलगीही त्याच्याच शेजारी काळ्या हातांनी उभी राहू शकत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार नसताना मी तिला म्हटलं, ‘मला टायर बदलायला शिकव.’ शाळेतून आल्यावर तिने मला वाहनापुढे उकिडवं बसवलं. मी आधी जॅक लावून गाडी उचलली आणि मग नट सोडवायला गेलो, तर नटाबरोबर चाकच फिरायला लागलं. ‘आजोबा! नट आधी सैल करायचे, गाडी नंतर उचलायची.’ गाडी खाली. पुन्हा सुरुवात. मग चाक बसवताना मी नट ओळीने आवळले. ‘एकाआड एक आवळायचे! नाहीतर चाक वाकडं बसतं.’ मी पाचही नट पुन्हा सोडवले. तासाभराने माझा कोट काळा, हात काळे आणि कंबर परदेशी झाली होती. सौ. खिडकीतून फोटो काढत होती.

नातीने चाकाला लाथ मारून पाहिली, पान्याने एकेक नट तपासला आणि माझ्याकडे वळून अगदी मास्तरी चेहरा केला.

‘तीन मार्क कमी पडतायत, आजोबा,’ ती म्हणाली. ‘पण वर ढकलते.’